जलसा, गाणे आणि चळवळ
(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्च महिना लागला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून एकच वाद सुरू होतो. 14 एप्रिलला गायनाचा कार्यक्रम ठेवायचा की व्याख्यान? तरुण मंडळी म्हणतात, व्याख्यानाला खुर्च्या रिकाम्या राहतात. वडीलधारी म्हणतात, गाण्याला मैदान भरते, पण दुसऱ्या दिवशी विहारात कोणी फिरकत नाही. दोघांचेही खरे आहे. परंतु गाणे एकीकडे आणि चळवळ दुसरीकडे अशी वाटणी आपल्या पूर्वीच्या कलावंतांनी कधी केलीच नव्हती.

महात्मा फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुढे त्या समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचाच साचा घेऊन सत्यशोधक जलसे उभे केले. आंबेडकरी जलसा त्याच वाटेने आला. ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज हे सारे आपल्या घरचेच होते, कारण तमाशाच्या फडांत आपलीच माणसे नाचत-गात होती. जलसाकारांनी वाद्ये ठेवली, बोर्डावरचा मजकूर बदलला. गणातला गणपती गेला, शृंगाराची लावणी गेली. त्या जागी मृतमांस सोडा, वेठबिगार करू नका, लग्नापायी कर्ज काढू नका, मुलामुलींना शाळेत घाला, हे आले. 1927 चा महाडचा सत्याग्रह, 1930 चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह, 1935 ची येवल्याची घोषणा ही जलशांतून गावोगाव पोहोचली. बाबासाहेबांचे 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' निघत होते, पण वाचता येणारी माणसे किती होती? ज्याला अक्षर येत नव्हते त्याला जलसा ऐकू येत होता. जलशाच्या एका कार्यक्रमाची तुलना बाबासाहेबांनी आपल्या अनेक सभांशी केल्याचे जुनी माणसे सांगत आली आहेत.

या जलशांची माहिती आपल्याला मिळते ती मुख्यतः नाशिक जिल्ह्याचे भीमराव कर्डक यांच्यामुळे. त्यांनी स्वतः जलसा चालवला आणि 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तकही लिहून ठेवले. (पुष्कळांची गफलत होते म्हणून सांगतो, लोककवी वामनदादा कर्डक हे वेगळे. तेही नाशिक जिल्ह्याचेच, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. जन्म 1922, निधन 2004.)

आता मला जे मुख्य सांगायचे आहे ते सांगतो. जलशात नुसती गाणी नव्हती. दोन गाण्यांच्या मध्ये संवाद होता, फार्स होता. त्यात एक सुधारक असे आणि समोर एक हटवादी गावकरी. पूर्वजांनी केले ते आपण कसे सोडायचे? गावकी सोडली तर खायचे काय? पाटील गावात राहू देईल का? हे प्रश्न प्रेक्षकांच्याच पोटातले असत. ते कोणीतरी बोर्डावर उघड विचारतो आहे म्हटल्यावर माणूस हसत हसत कान टवकारत असे. मग उत्तर-प्रत्युत्तर होई आणि गाणे त्या उत्तराच्या पाठोपाठ येई. म्हणून ते गाणे घरी जाईपर्यंत तोंडात राही आणि त्यासोबत उत्तरही राही.

आजच्या आपल्या कार्यक्रमांतून तो हटवादी गावकरीच नाहीसा झाला आहे. उरली आहे ती स्तुती. स्तुतीला माझा विरोध नाही, ज्याने माणूस केले त्याचे गुण गावेतच. पण शंका विचारणारा कोणी नसेल तर जो आधीच पटलेला आहे तोच टाळ्या वाजवतो. आणि डीजेच्या भिंतीपुढे तर शंका विचारली तरी ऐकू कोणाला येणार!

वाद्ये नवी असण्यात मात्र मला काही गैर दिसत नाही. जानेवारी 2018 मध्ये चेन्नईत चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद लोकांपुढे आला. तिथल्या वस्त्यांतले गाना संगीत, परई आणि विजेची गिटार एकत्र करून ते जातीविषयी, आरक्षणाविषयी सरळ बोलले. इकडे आपल्या कडूबाई खरात नुसत्या एकतारीवर तेच काम करतात.

दुसरी गोष्ट थोडी कटू आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, दहा माणसे गेली. त्यानंतर चारच दिवसांनी कवी-गायक विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांचा 2011 चा 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट त्यांच्यापासूनच सुरू होतो. तो एकदा संस्थेत दाखवावा. 31 डिसेंबर 2017 रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, तिथे गायलेल्या कबीर कला मंचाच्या तिघांना सप्टेंबर 2020 मध्ये अटक झाली. खटल्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण गाणारा माणूस किती जोखीम घेऊन उभा राहतो हे यावरून कळावे. आणि आपण काय करतो? मंडपवाल्याचे पैसे आगाऊ देतो, साऊंडवाल्याचे आगाऊ देतो आणि शाहिराला म्हणतो, वर्गणी जमली की बघू. ज्याच्या घरी आजारपण आहे, मुलांच्या फिया थकल्या आहेत, त्याच्याकडून प्रबोधनाची अपेक्षा आपण हक्काने करतो.

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन गोष्टी ठेवतो. पुढच्या जयंतीला गायन पार्टीला अर्धे मानधन आधी द्यावे आणि उरलेले कार्यक्रम संपताच, स्टेजवरून उतरायच्या आत. दुसरे असे की, दोन गाण्यांच्या मध्ये दहा मिनिटांचा संवाद बसवावा. विषय शिष्यवृत्तीचा घ्यावा. जात पडताळणीला कागद कोणते लागतात, मुलगी बारावी झाली की अर्ज कधी भरायचा, आणि 'एवढे शिकून काय होणार' म्हणणारा बाप समोर उभा करावा. ती भूमिका करायला आपल्याच वस्तीतले कोणीही चालेल, मी तयार आहे. मंडपाच्या तोंडाशी एक टेबल, दोन शिकलेली मुले आणि कोरे अर्ज ठेवावेत. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, तेव्हा कार्यक्रम सहाला सुरू व्हावा, पुढाऱ्यांची वाट पाहत आठला नव्हे.

जयभीम! नमो बुद्धाय!