खाडीपलीकडचे घर



‘परमुलखात घर घेताना’ असा आजचा विषय आहे. परमुलूख म्हटला की दुबई किंवा लंडन डोळ्यांपुढे येते; परंतु ट्रॉम्बेच्या माणसाला परका व्हायला खाडी ओलांडली तरी पुरे. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू झाला आणि उरण, पेण, अलिबाग हा सारा मुलूख हाकेच्या अंतरावर आला. निवृत्तीच्या पैशांतून तिकडे चार गुंठे घ्यावेत, दोन खोल्या बांधाव्यात, सुटीत नातवंडांना न्यावे, ही इच्छा घरोघर आहे. इच्छा चांगलीच आहे. मात्र आयुष्यभराची पुंजी तीत गुंतते, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट परकेपणाची. परदेशी नागरिकाला आपल्या देशात वाटेल तशी जमीन घेता येत नाही, आणि परदेशी राहणाऱ्या भारतीयालाही घर घेता येते, पण शेतजमीन किंवा फार्महाऊस नाही, हे आपण ऐकून असतो. पण 1948 च्या कूळकायद्याचे कलम 63 पाहा. काही अपवाद सोडले, तर जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे आपण मराठी बोलणारे, याच राज्यात जन्मलेले. तरी त्या भातखाचराच्या बांधावर कायद्याच्या दृष्टीने परकेच! असा व्यवहार रद्द ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते.

या अटी आपला छळ करण्यासाठी केलेल्या नाहीत. सावकाराच्या आणि खोताच्या हातून सुटलेली जमीन पुन्हा पैसेवाल्याकडे जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. कुळाला मिळालेल्या किंवा आदिवासीच्या जमिनीवर याहून कडक बंधने आहेत. ‘साहेब, ते आम्ही बघून घेऊ’ असे दलाल म्हणाला, तर समजावे की बघण्यासारखे काहीतरी आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. सातबारा हा महसुलाचा उतारा आहे. मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. त्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना पुष्कळजण वाचतच नाहीत, आणि कुळाचे नाव, बँकेचा बोजा, बहिणींचा हिस्सा नेमका तिथेच असतो. जुने फेरफारही काढून पाहावेत. मुखत्यारपत्रावर जमीन विकत मिळते असे कोणी सांगितले, तर 2011 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ध्यानात ठेवावा: नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही. त्याला नोंदलेले खरेदीखतच लागते.

तिसरी गोष्ट समुद्राची. खिडकीतून लाट दिसावी असे सर्वांनाच वाटते. पण भरतीच्या रेषेपासून 500 मीटरपर्यंतचा किनारा 1991 पासून नियमनाखाली आहे. किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदी यांचा बंगला मार्च 2019 मध्ये रायगडच्या प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. जिथे कोट्यधीशाची भिंत टिकली नाही, तिथे पेन्शनराने जपूनच असावे.

चौथी गोष्ट वाटेची आणि पाण्याची. जमीन कागदावर निर्वेध असली, तरी तिच्याकडे जाणारी वाट दुसऱ्याच्या वावरातून असेल, तर एका पावसाळ्यात ती बंद होते. वैशाखात एकदा जाऊन विहीर पाहावी, आषाढात एकदा जाऊन रस्ता पाहावा. शेजारच्या घरी चहा घ्यावा. जे तलाठ्याच्या दप्तरात नसते, ते तिथे कळते.

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. बांधण्याआधीची परीक्षा आता अधिक कठीण झाली आहे. म्हणून विसार देण्यापूर्वी आपला स्वतःचा वकील गाठा, विकणाऱ्याचा नव्हे. जमीन बिनशेती आहे का, हे हुकूम हातात घेऊन वाचा. आणि सर्व कागद मिळेपर्यंत पैसे बँकेतच राहू द्या. एवढे करून घर झाले, तर गावकऱ्यांशी सलोख्याने राहा. बारा महिन्यांतले अकरा महिने आपल्या कुलपावर लक्ष तेच ठेवणार आहेत.