पाडव्याच्या रात्रींचे फांसे

दिवाळीच्या पाडव्यास द्यूतप्रतिपदा असेंही नांव आहे. अलिबाग-रेवदंड्याकडील घरांत त्या रात्रीं चार पाहुणे जमले, तर यजमानानें दोन फांशांचा अमेरिकन 'क्रॅप्स' मांडून पाहावा. नवख्यास सारीपाटाच्या 16 सोंगट्या सांभाळण्यापेक्षां तो सोपा.

फेकणाऱ्यानें एक चिंचोका लावावा, समोरच्यानें तेवढाच. पहिल्या दानांत 7 किंवा 11 पडल्यास फेकणारा जिंकला. 2, 3 अथवा 12 पडल्यास हरला. दुसरा कोणताही आंकडा पडला, तर तोच पुन्हां येईपर्यंत फांसे टाकीत राहावें. मध्यें 7 आला, कीं डाव गेला. सातालाच हा मान कां? दोन फांशांच्या 36 जुळण्यांपैकीं 6 सातच्या, बाराची मात्र एकच. हें कागदावर आधीं मांडून दाखवावें, नाहींतर नवखा दैवाला दोष देत बसतो.

पैसा मात्र नको. जागेचा किंवा साधनांचा नफा घेणारा यजमान 1887 च्या जुगारप्रतिबंधक कायद्यानें अड्डेवाला ठरूं शकतो. त्याहून वाईट हें, कीं हरलेला पाहुणा गेलेलें परत मिळविण्यासाठीं पाटावरून उठतच नाहीं. धर्मराजाचें तरी दुसरें काय झालें? प्रत्येकास 20 चिंचोके द्यावे. ते संपले, कीं त्याच्यापुढें फराळाचें ताट ठेवावें आणि फांसे शेजाऱ्याच्या हातीं द्यावे.