वेल कधी छाटायची? आधी फूल कुठे येतं ते बघा

रीलमध्ये जांभळ्या फुलांनी लगडलेली क्लेमॅटिस दिसते, खाली लिहिलेलं असतं, 'फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटा'. आणि आपण कात्री घेऊन थेट मोगऱ्याकडे! थांबा जरा. तो सल्ला थंड देशातल्या वेलीचा आहे. आपण बोलतोय कसबा पेठेतल्या गॅलरीतून.

तशी क्लेमॅटिस आपल्याला परकी नाही. सह्याद्रीत तिची बहीण आहे, मोरवेल. कुणी तिला रानजाईही म्हणतं. पावसाळा सरताना पांढरी फुलं येतात आणि ती पानाच्या देठानंच विळखा घालत वर चढते.

बागेतल्या क्लेमॅटिसचे छाटणीसाठी तीन गट करतात. पहिलीला फुलं गेल्या वर्षीच्या फांदीवर येतात, म्हणून ती फुलून गेल्यावर छाटायची. दुसरीला जुन्यावर आणि नव्यावर, दोन्हीकडे येतात. तिची नुसती हलकी साफसफाई. तिसरीला फक्त नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी संपताना ती जमिनीपासून फूटभर ठेवून बिनधास्त कापायची. थोडक्यात, महिना पाठ करू नका. फूल जुन्या काडीवर येतं की नव्या, एवढं बघा.

हे आपल्या द्राक्षवाल्यांना पक्कं माहीत आहे. नाशिक-सांगलीकडे एकाच वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधली खरड छाटणी, त्यातून नवी काडी तयार होते. मग ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, त्या काडीवर घड लागतात. पहिली छाटणी काडीसाठी, दुसरी फळासाठी.

आता आपल्या कुंड्या. मोगरा, जाई, जुई, तिघांनाही फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणजे छाटायला घाबरायचं नाही. फक्त वेळ वेगळी. मोगरा नोव्हेंबरअखेर, जाई डिसेंबरअखेर, जुई जानेवारीअखेर. मोगऱ्याचं राहिलं असेल तर या आठवड्यात उरकून टाका. मार्चमध्ये कापलात तर कळ्यांसकट कापाल, म्हणजे ऐन सीझनला प्रॉडक्शन बंद!

कसं कापायचं? कात्रीचं पातं स्पिरिटनं पुसा. आधी सुकलेल्या, किडक्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढा. मग कुंडीतलं झाड साधारण निम्म्यावर आणा. डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप घ्या. नंतर शेणखत, पाणी आणि भरपूर ऊन.

हे सगळं आत्ता सांगायला एक कारण आहे. आमच्या शेजारचा वाडा रीडेव्हलपमेंटला चाललाय. फेब्रुवारीअखेर रिकामा करायचाय. तिथल्या आजींची जुई तळमजल्यावरून माडीपर्यंत गेलीये, खोड मनगटाएवढं. ती मुळासकट काही नेता येणार नाही. पण जुईच्या छाटणीची वेळ जानेवारीत येते, वाडा पडायच्या आधी. छाटलेल्या काड्या कचऱ्यात का टाकायच्या? पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निवडायच्या, तीन-चार डोळ्यांच्या. खालची पानं काढायची, दोन डोळे मातीत जातील अशा लावायच्या आणि सावलीत ठेवून माती ओलसर राखायची. मी आजींना म्हटलं, वीस काड्या लावू. त्या म्हणाल्या, "अरे, एकोणीस नाही लागल्या तरी चालेल. मला नव्या गॅलरीत एकच हवीये."

तुमच्या आसपास असा वाडा पडणार असेल, तर तिथली वेल कोणती आहे ते आत्ताच बघून ठेवा. घरच्यांना विचारून जानेवारीत कात्री आणि चार कुंड्या घेऊन जा. ट्रक आल्यावर फार उशीर झालेला असतो.

पुढच्या भागात भेटू. तोवर कात्रीला धार लावून ठेवा!