काजळीचे गिऱ्हाईक कोण?

(भिवंडी येथील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कला शाखेचा पदवीधर. तीस वर्षे पत्रकारितेत काढली, तरी रसायनशास्त्राशी माझा संबंध काजळापुरताच. आमची आजी कापूर पेटवून त्यावर तांब्याची वाटी उपडी धरीत असे. वाटीच्या तळाशी जमे ती काजळी. तूप घालून खलले की झाले काजळ. ती काजळी म्हणजे शुद्ध कार्बनचा जवळचा नातेवाईक, हे मला फार उशिरा कळले.

तोच कापूर मुंबईच्या आयआयटीतील प्रा. महेश्वर शॅरन यांनी प्रयोगशाळेच्या भट्टीत घातला. त्यातून मिळालेल्या कार्बनच्या सूक्ष्म, सच्छिद्र मण्यांवरचा त्यांचा निबंध १९९८ साली 'कार्बन' या शोधपत्रिकेत आला. सहलेखकांमध्ये सुमिओ इजिमा हे जपानी शास्त्रज्ञ होते. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडे १९९१ मध्ये जगाचे लक्ष वेधले ते यांनीच. पुढे शॅरन दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुती तंतू तापवून मिळालेल्या कार्बनमध्ये हायड्रोजन साठवता येतो का, हेही तपासले. सुताच्या या नगरीत ही गोष्ट किती जणांच्या कानावर आली असेल?

आता मिथेनकडे वळू. निसर्गवायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि गोबरगॅसमध्येही निम्म्याहून अधिक तोच. आज हायड्रोजन बनतो तो बहुतांशी या वायूवर वाफेची प्रक्रिया करून. थळच्या खत कारखान्यातील अमोनियाचे मूळही निसर्गवायूच. पण या मार्गात एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कर्बवायू हवेत जातो. मिथेन ऑक्सिजनशिवाय नुसता तापवून फोडला, तर सोळा किलोतून चार किलो हायड्रोजन निघतो आणि उरलेला बारा किलो कार्बन घनरूपात हाती येतो. धुराऐवजी काजळी!

उत्प्रेरकाशिवाय यासाठी हजार-बाराशे अंशांहून अधिक उष्णता लागते. निकेल असेल तर पाचशे ते सातशे अंश पुरतात. लोखंडाला त्याहून थोडे अधिक. धातूचा कण मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाएवढा. मिथेन त्याच्या पृष्ठभागावर फुटतो, हायड्रोजन जोडीजोडीने निघून जातो आणि कार्बन धातूत मुरतो. धातू तृप्त झाला की कार्बन दुसऱ्या बाजूने नळीच्या रूपाने बाहेर पडू लागतो. चातीवरून सूत निघावे तसा! पुष्कळदा धातूचा कण त्या नळीच्या टोकावर स्वार होऊन वर उचलला जातो. शेवटी कार्बनचे आवरण त्या कणाला पुरते झाकते आणि त्याचे काम थांबते.

खरी अडचण येथे सुरू होते. कार्बन जाळून धातू मोकळा केला, तर जो कर्बवायू टाळायचा होता तोच बाहेर पडतो. आम्लाने धुवून वेगळा केला, तर आम्लाच्या सांडपाण्याचा प्रश्न. कामवारी नदीच्या काठी राहणाऱ्यांना याविषयी मी काय सांगावे! लोखंड स्वस्त असल्याने ते कार्बनबरोबरच जाऊ द्यावे, असाही एक विचार आहे. पण मग माल तितका शुद्ध राहत नाही.

दुसरा हिशेब इंधनाचा. मिथेन सरळ जाळल्यास जी उष्णता मिळते, तिच्यापैकी सुमारे चौसष्ट टक्केच हायड्रोजनमध्ये उतरते, आणि भट्टी तापवण्याचा खर्च त्यातूनच. बाकीची ऊर्जा कार्बनमध्ये बंद होऊन बसते. म्हणजे तो कार्बन विकला गेला नाही, तर व्यवहार तोट्याचा. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे ठेवले गेले. ती मोहीम मुख्यतः पाणी विजेने फोडण्याची, हे खरे. पण समजा तेवढा हायड्रोजन या मार्गाने काढला, तर दीड कोटी टन कार्बन निघेल. जगभरचे टायर-रबराचे कारखाने साधारण तेवढीच काजळी वर्षभरात वापरतात. सूक्ष्म नळ्यांची बाजारपेठ तर त्याच्यापुढे चिमूटभर.

म्हणून मला हे काम लहान प्रमाणात आणि गोबरगॅसवर अधिक शोभेलसे वाटते. वनस्पतीने हवेतून घेतलेला कार्बन तेथे पुन्हा हवेत न जाता घट्ट होऊन राहील. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून वायू धरला गेला. देहूचे डॉ. मापुसकर आयुष्यभर शौचालयाला वायुसंयंत्र जोडत राहिले. त्यांना २००६ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र त्या वायूतील गंधकयुक्त अंश आधी काढलाच पाहिजे, कारण निकेलला तो विषासमान.

येथील सायझिंगच्या चिमण्या आपण रोज पाहतो. त्या बॉयलरना आज हायड्रोजनची नव्हे, निदान स्वच्छ वायूची गरज आहे. तरीही उद्या कोणी हायड्रोजनच्या योजनेचे चकचकीत पत्रक घेऊन आपल्या दारी आला, तर त्याला चहा अवश्य पाजा आणि एवढेच विचारा : बाबा रे, तुझ्या काजळीचे गिऱ्हाईक कोण, आणि धातू धुतलेले पाणी तू कोठे सोडणार?