अंगणातली सतरंजी
(मंडळाच्या बालवाडीतील बाईंच्या ३५ वर्षांच्या सेवेनिमित्त वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या बालवाडीच्या बाईंच्या सेवेला यंदा ३५ वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या सत्काराप्रसंगी दोन शब्द बोलण्याचे काम कार्यकारिणीने आम्हांकडे सोपविले. आम्ही ते आनंदाने पत्करले. परंतु बोलावयास बसलो तेव्हा एक अडचण ध्यानात आली. प्रत्येकाला आपले हायस्कुलातले मास्तर आठवतात, कॉलेजातले प्राध्यापक आठवतात; बालवाडीतले दिवस मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत. तीन-साडेतीन वर्षांच्या वयातील स्मृती टिकत नाहीत, हा निसर्गाचाच नियम आहे. म्हणजे बाईंचे ऋण ज्याच्यावर सर्वांत अधिक, त्यालाच त्याची जाणीव नसते. तेव्हा ते ऋण मानावयाचे असेल तर मुलांच्या आईबापांनी आणि संस्थेनेच मानले पाहिजे. आजचा प्रसंग त्याकरिता आहे, अशी आमची समजूत आहे.

बाईंचे काम काय, असे कोणी विचारले तर आपण सहज म्हणून जातो, 'मुलांना खेळवितात.' जून महिन्यातील पहिल्या आठवड्यात सकाळी बालवाडीच्या दाराशी ज्यांनी उभे राहून पाहिले असेल, ते असे म्हणणार नाहीत. आईचा पदर मुठीत घट्ट धरून हंबरडा फोडणारी वीस-पंचवीस बालके, आणि त्यांच्यापेक्षाही कावरीबावरी झालेल्या त्यांच्या माता! त्या गोंधळात बाई कधी आवाज चढवीत नाहीत. एकाला कडेवर घेतात, दुसऱ्यापुढे चिंचोक्यांची परडी सरकवितात. नाक पुसणे, चड्डी बदलणे, डब्याचे घट्ट झाकण मुलाला स्वतःच उघडता येईपर्यंत वाट पाहणे, ही सारी शिक्षणाचीच अंगे आहेत, हे आम्हांला बाईंकडे पाहून कळले.

'मूल लिहावयास कधी लागणार?' हा पालकांचा नित्याचा प्रश्न. आम्हीही आमच्या चिरंजीवांबद्दल तो विचारला होता. बाईंनी त्याला जवळ बोलावून परडीतला एक चिंचोका उचलावयास सांगितला. त्याने तो मुठीने ओढला. बाई म्हणाल्या, 'अजून चिमट बसली नाही. चिमट बसल्याशिवाय पेन्सिल धरविली, तर अक्षर वेडेवाकडे येईल आणि लिहिण्याचा कंटाळा जन्माचा बसेल.' पुढे कित्येक महिने त्याने मणी ओवले, कागद फाडले, मातीचे गोळे वळले. आम्ही मनातून रुष्ट होतो. आज कागद फाडण्यातले शास्त्र आम्हांला समजले आहे, आणि त्या रुष्टतेची लाजही वाटते.

तथापि आज जे सांगावयास आम्ही उभे आहोत, ते याहून निराळे आहे. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. बालवाडीच्या फाटकाशी रोज सकाळी चार-पाच मुले येऊन बसत. त्यांच्या आया आसपासच्या घरी धुणीभांडी करीत. आतली गाणी ऐकून ती मुले बाहेर टाळ्या वाजवीत. त्यांना आत घ्यावे, अशी विनंती बाईंनी कार्यकारिणीला केली. त्या वेळी आम्हीही कार्यकारिणीत होतो. बालवाडी ज्ञातीच्या वर्गणीतून चालते, तेव्हा ती ज्ञातीच्या मुलांकरिताच असावी, असे आम्ही सर्वांनी एकमुखाने उत्तर दिले. बाई वाद घालीत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सतरंजी उचलली आणि अंगणात झाडाखाली अंथरली. आपली मुले तीवर बसली, फाटकाशी बसणारी मुलेही बसली. अंगणाविषयी कार्यकारिणीने काहीच ठरविलेले नव्हते!

पुढे पाऊस आला. बाईंनी सतरंजी आत आणली, आणि सतरंजीबरोबर सगळीच मुले आत आली. कोणी काही बोलले नाही. ठराव झाला नाही, कार्यवृत्तात नोंद झाली नाही. त्या दिवसापासून आपल्या बालवाडीचे दार सर्वांना उघडे आहे. आपण बाहेर त्याचे श्रेय अभिमानाने घेतो. पण ते श्रेय आपले नव्हे. जी नोंद त्या वेळी कार्यवृत्तात व्हावयास हवी होती, ती या स्मरणिकेत तरी व्हावी, म्हणून हे येथे सांगितले.

बाईंनी हे केले ते एका थोर परंपरेला धरूनच केले. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरास बालशिक्षणाचे काम केले, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. महागडी साधने बाजूस ठेवून शंख-शिंपले, खडे आणि बिया यांवर शिकविले. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरविली. 'अंगणवाडी' हा शब्द याच कामातून आला. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो देशभर पोहोचला. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे त्या शब्दाचे सार आहे. आपल्या बाईंनी ते एका सतरंजीने साधले.

आता थोडे कटू, पण आवश्यक. ३५ वर्षे आपण बाईंना जे देत आलो त्यास 'मानधन' म्हणतो. त्या शब्दातला मान आपण भरपूर दिला. धनाच्या बाबतीत मात्र हात आखडता राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षे हे वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरले आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. आपली बालवाडी सरकारी योजनेतील नव्हे, हे खरे. परंतु जे न्यायालयाने सांगितल्यावर सरकारला द्यावे लागले, ते ज्ञातिमंडळाने कोणी न सांगता द्यावे, यातच मंडळाची शोभा आहे. बाईंच्या ३५ वर्षांच्या सेवेचा हिशेब करून त्यांना योग्य ती रक्कम सन्मानपूर्वक द्यावी, आणि यापुढे बालवाडीच्या शिक्षिकेस मानधन नव्हे, वेतन द्यावे, अशी आमची या सभेस नम्र सूचना आहे. या खेपेस मात्र तिची नोंद कार्यवृत्तात अवश्य व्हावी.

शाल व श्रीफळ अध्यक्षांच्या हस्ते अर्पण होईलच. बाई, आपण आमच्या मुलांना चिमट शिकविली; आम्हांला मूठ उघडावयास शिकविली. आपणांस उदंड आयुरारोग्य लाभो, अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.