पोरगं घरात आहे, पण घरात नाही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी आम्ही चळवळीवर बोलतो. या वेळी घरातल्या गोष्टीवर बोलणार आहोत. कारण जी चळवळ आपल्या घरातल्या पोराच्या खाटेपर्यंत पोहोचत नाही, ती चौकात कितीही मोठ्याने घोषणा देत असली तरी तिचा काय उपयोग?

गोष्ट आमच्याच घरची आहे. दुसऱ्याच्या पोराचं नाव सांगून उपदेश करणं सोपं असतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

२०२० साली कोरोनाने शाळा बंद झाल्या. मास्तर मोबाइलवर शिकवू लागले. धाकटा तेव्हा सहावीत. आम्ही हप्त्याने मोबाइल घेतला. पोरगं शिकलं पाहिजे, बाबासाहेबांनी सांगितलंय, हाच विचार. शाळा उघडल्या, पण मोबाइल काही हातातून सुटला नाही. चौघांची टोळी करून बंदुकीने लढायचे ते खेळ. आमची पाळी रात्रीची. सकाळी मिलमधून घरी यावं तर पोराचे डोळे लाल. आम्ही समजायचो, अभ्यासाने जागला असेल. किती भोळे होतो आम्ही!

२०२३ मध्ये त्याला वस्तीबाहेरच्या नव्या शाळेत घातलं. त्यानंतर तो मैदानात दिसेना, रविवारच्या वंदनेला येईना, जेवणही खाटेवरच. १३ एप्रिल २०२४ च्या रात्री सारी वस्ती संविधान चौकात निघाली. बारा वाजता बाबासाहेबांची जयंती सुरू होते, त्या क्षणाला नागपुरात घरी कोण थांबतं? आमचा पोट्टा थांबला. परत आलो तेव्हा तो अंधारात मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. आमचा तोल गेला. मोबाइल हिसकला अन् भिंतीवर आपटला. शेजाऱ्यांसमोर थप्पड मारली.

दोन दिवस तो जेवला नाही. कोणाशी बोलला नाही. त्याची आई रात्रभर त्याच्याजवळ बसून राहिली. नवव्या वर्गात दोन विषय गेले ते नंतर कळलं. त्या दोन दिवसांत आम्हाला पहिल्यांदा भीती वाटली, की आपण पोरगं गमावून बसतो की काय.

मग त्याला घेऊन आम्ही मेडिकलच्या मानसोपचार विभागात गेलो. नातेवाईक म्हणाले, "काऊन नेता बाप्पा, पोट्टा पागल हाय का?" बंधू-भगिनींनो, ताप आला तर दवाखाना आणि मन आजारी पडलं तर लाज, हा कुठला न्याय? जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या या व्यसनाला २०१९ साली आजारांच्या नव्या यादीत मान्यता दिली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो. पण खेळावर ताबा राहत नाही, खेळापुढे बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही, आणि असं साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो आजार समजतात.

तिथल्या डॉक्टरांनी आम्हालाच विचारलं, "तो खेळत नसतो तेव्हा तुम्ही त्याच्याशी काय बोलता?" आम्हाला उत्तर सुचेना. अभ्यास झाला का, मार्क किती पडले, याशिवाय आम्ही काही बोलतच नव्हतो. सभेत तासभर बोलणारा माणूस घरात मुका!

हळूहळू पोरगं बोलायला लागलं. एका रात्री म्हणालं, "बाबा, शाळेत नवा आलो तं पोरं पहिलं आडनाव विचारत. मंग हसत. डब्याले कोणी संग बसवत नोहतं. गेममध्ये कोणी आडनाव नाई विचारत. तिथं मी कॅप्टन हावो."

हे ऐकून आम्ही सुन्न झालो. लहानग्या भीमरावाला शाळेत घरचं गोणपाट घेऊन वेगळं बसावं लागलं, हे आम्ही शेकडो भाषणांत सांगितलं. आणि आमच्या घरातला पोरगा तेच एकटेपण दप्तरात घेऊन रोज घरी येत होता, ते आम्हाला दिसलं नाही! त्या काळी समाजाने आमच्या लेकराला दूर बसवलं. आज लेकरू स्वतःच दूर जाऊन बसतं, कारण तिथे त्याला मान मिळतो. फरक एवढाच की बाबासाहेबांच्या हाती पुस्तक होतं. परळच्या चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब, तरी रामजीबाबा मध्यरात्री दोन वाजता पोराला अभ्यासाला उठवत. आमचंही पोरगं दोन वाजता जागं होतं. पण त्याच्याजवळ रामजीबाबा नव्हते.

त्या खेळांची रचनाच अशी असते की सुटू नये. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक पायरी चढली की पुढची, अधेमधे अचानक काहीतरी मोठं हाती लागतं, आणि मधेच उठलं तर टोळीतले मित्र नाराज. सरकारने २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी घातली. २०२१ च्या जुलैत तोच खेळ दुसऱ्या नावाने परत आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, ते चांगलंच झालं. पण पैशाविना खेळात पोराचं वय खर्च होतं, त्याचा हिशेब कोणता कायदा ठेवणार?

तो हिशेब आपल्यालाच ठेवावा लागेल. तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या तरुणाला संपत्ती नासवणारी सहा दारं सांगितली. त्यात नशा आहे, अवेळी भटकणं आहे, तमाशे आहेत, जुगार आहे, वाईट संगत आहे, आळस आहे. आपल्या मुलांना ही सारी दारं एका मोबाइलमध्ये उघडी सापडतात. पण त्याच उपदेशात आईबापांचीही कर्तव्यं सांगितली आहेत, ती आपण वाचत नाही. आणि पंचशीलातलं पाचवं शील आपण फक्त दारूपुरतं समजतो. ते शील ज्या प्रमादापासून, म्हणजे बेसावधपणापासून, सावध करतं, तो बाटलीतूनच येतो असं थोडंच आहे?

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही-मोबाइल दीड तास बंद, पोरं अभ्यासाला आणि मोठी माणसं एकमेकांशी बोलायला. आपल्या विदर्भात पुसद तालुक्यातल्या बांशीच्या ग्रामसभेनेही २०२२ साली अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइलबंदीचा ठराव केला. आमचं मत भोंग्याच्या बाजूने आहे. नुसत्या बंदीने पोरगं चोरून खेळतं. भोंगा मात्र बापालाही लागू होतो.

म्हणून समितीपुढे तीन गोष्टी मांडतो. एक, रोज सात ते साडेआठ विहारात अभ्यासिका उघडी ठेवावी आणि त्या वेळेत वस्तीतल्या मोठ्यांनी आपले मोबाइल बाजूला ठेवावेत. वंदना चालू असताना रील पाहणाऱ्या बापाने पोराला काय शिकवावं? दोन, रविवारी कबड्डी, आट्यापाट्या, कॅरम पुन्हा सुरू करावे. तीन, एखादं पोरगं चार रविवार दिसलं नाही तर दोघांनी त्याच्या घरी जावं. रागवायला नाही, विचारपूस करायला. कल्याणमित्र म्हणतात तो हाच. आणि घरात कोणाला मनाचा त्रास असेल तर सरकारचा १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लिहून ठेवा, फोनला पैसे पडत नाहीत.

आमचा पोरगा दहावी झाला. मार्क फार नाहीत. अजूनही तो खेळतो, पण ठरलेल्या वेळी, आणि झोपताना मोबाइल आईच्या उशाशी असतो. मधे दोनदा घसरला, पुन्हा उभा राहिला. आज या सभेचा माईक ज्याने लावला, तो तोच. त्याला विचारूनच ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "सांगा बाबा, पण थप्पड मारली ते बी सांगा."

सांगितलं. नमो बुद्धाय! जय भीम!