पडद्यावरची नळी आणि यंत्रावरची नळी



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास यांच्या पंक्तीला लोखंडी नळीचा विषय बसवण्याचे धाडस कार्यकारिणीने केले, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. नळी ही तशी दुर्लक्षित वस्तू. परंतु या क्षणी आपण ज्या खुर्च्यांवर बसला आहात, त्यांचे पाय म्हणजे वाकवलेल्या नळ्याच होत. १९२५ साली जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत मार्सेल ब्रॉयर यांनी पोलादी नळीची खुर्ची घडवली. ती कल्पना त्यांना सायकलच्या हँडलवरून सुचली, असे सांगतात. बॉयलरच्या नळ्या, मोटारीचा सायलेन्सर, बसमधल्या धरायच्या दांड्या, सगळा हाच परिवार.

पूर्वी नळी वाकवायची म्हणजे तीत कोरडी वाळू ठासायची, तोंडे बंद करायची, भट्टीत लाल करायची आणि साच्याभोवती ओढायची. आता गोल डायभोवती यंत्रच नळी थंड अवस्थेत ओढते. ती आतून चेपू नये म्हणून पोटात मँड्रेल असतो. आणि हे सारे घडण्यापूर्वी नळी संगणकाच्या पडद्यावर जन्म घेते. आमचे आजचे सांगणे आहे ते या दोन नळ्यांमधल्या अंतराविषयी.

पडद्यावर नळी काढण्याची रीत सोपी आहे. आधी नळीची मध्यरेषा काढावी आणि मग तिच्यावरून एक वर्तुळ सरकवत न्यावे. ते जिथून जाईल तिथे नळी तयार होते. खरा प्रश्न मध्यरेषेचा. नव्या मंडळींना चार बिंदू देऊन त्यांतून एक लवचिक वक्ररेषा ओढण्याचा मोह होतो. दिसते ती सुरेख. पण तिची त्रिज्या पावलोपावली बदलते, आणि यंत्रावरच्या डायला त्रिज्या एकच ठाऊक असते. म्हणून प्रथम सरळ रेषाच काढाव्यात, आणि मग प्रत्येक कोपरा कारखान्यात हाती असलेल्या डायच्या त्रिज्येने गोल करावा. डाय कोणती आहे हे विचारल्यावाचून त्रिज्या ठरवणे म्हणजे पायाचे माप न घेता जोडा शिवणे होय.

एक उदाहरण घेऊ. नळीचा बाह्य व्यास २५ मिलिमीटर, भिंतीची जाडी २, मध्यरेषेची त्रिज्या ५० आणि वळण काटकोनाचे. कोपऱ्यापर्यंत एक बाजू २००, दुसरी ३००. मग नळी ५०० मिलिमीटर कापावी काय? नव्हे. कोपरा गोल होताना दोन्ही बाजूंचे पन्नास-पन्नास मिलिमीटर वळणात जातात. उरतात १५० आणि २५०. त्यांत वळणाच्या कमानीची लांबी सुमारे ७८.५ मिळवली की ४७८.५ होतात. साडेएकवीस मिलिमीटरांचा हा फरक शंभर नळ्यांत दोन मीटरांहून अधिक पोलाद भंगारात घालतो. त्यातही वाकताना नळी किंचित ताणली जाते, म्हणून प्रत्यक्ष कापायची लांबी याहूनही थोडी कमी निघते. ती पहिली नळी वाकवून, मोजूनच ठरवावी लागते.

याहून गंभीर गोष्ट भिंतीची. त्याच वळणाची बाहेरची कड ६२.५ त्रिज्येवर असते आणि आतली ३७.५ वर. बाहेरचे पोलाद ताणून पातळ होते, आतले दाबून जाड होते. साध्या हिशेबाने बाहेरची भिंत २ मिलिमीटरांवरून सुमारे १.६ वर येते. पडद्यावर मात्र ती सर्वत्र दोनच दिसते! खुर्चीच्या पायाला याने काही बिघडत नाही. परंतु ज्या नळीत दाबाखालची वाफ खेळायची आहे, तिच्या बाबतीत पडद्यावर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळ. अशा ठिकाणी वळणाची त्रिज्या मोठी धरावी किंवा मूळ नळीच जाड घ्यावी, आणि घट किती चालेल ते ड्रॉइंगवर स्पष्ट लिहावे.

धातूला आठवणही असते. नव्वद अंश वाकवून सोडले की नळी थोडी मागे फिरते, आणि स्टेनलेस स्टील साध्या पोलादापेक्षा अधिक फिरते. काही जण ही भरपाई मॉडेलमध्येच करतात व कोन ब्याण्णव काढून ठेवतात. आम्हांस हे मुळीच मान्य नाही. मॉडेलमध्ये तयार वस्तूचाच आकार असावा. जादा वाकवणे हा यंत्र चालवणाऱ्या कारागिराचा अधिकार आहे.

दोन वळणांमध्ये क्लॅम्पला पकडायला सरळ भाग लागतो, सर्वसाधारणपणे व्यासाच्या दुप्पट-तिप्पट, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

शेवटी भाषेचा प्रश्न. संगणक बिंदूंचे सहनिर्देशक सांगतो. यंत्राला तीनच क्रिया कळतात: नळी इतकी पुढे सरकव, स्वतःभोवती इतकी फिरव, इतकी वाकव. पहिलीचे दुसरीत भाषांतर आता संगणक क्षणात करतो. पण फिरवण्याच्या कोनाचे चिन्ह यंत्राच्या रिवाजाशी जुळते की नाही, हे माणसालाच पाहावे लागते. ते उलटे पडले तर सर्व लांब्या बरोबर, सर्व कोन बरोबर, आणि हाती येते ती नळीची आरशातली प्रतिमा. उजव्या हाताला डाव्याचा मोजा चढवावा, तशी ती कुठेच बसत नाही. यासाठी ड्रॉइंगवर सहनिर्देशकांबरोबरच आरंभाचे टोक दाखवावे, आणि पहिली नळी तपासणीच्या साच्यात बसवून पाहिल्याखेरीज उरलेल्या नळ्यांना करवत लावू नये.